बागेत वाय-फाय आधी की अभ्यासिकेत?

प्रश्न विचारणारे गृहस्थ एका मध्यम आकाराच्या नगरपरिषदेत प्रभागाच्या नागरिक समितीवर आहेत. प्रभागाला मिळालेल्या निधीतून मोफत वाय-फाय बसवण्याचे घाटत आहे आणि त्यासाठी मुख्य बाग, एसटी स्टँड आणि नगरपरिषदेची स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका अशा तीन जागा सुचवल्या गेल्या आहेत. त्यांची शंका अशी की, भाजीवाल्यापासून कॉलेजच्या पोरापर्यंत सगळ्यांच्या खिशात रोजचा दीड-दोन जीबी डेटा असताना सार्वजनिक वाय-फायने गावाच्या वावरण्यात खरोखर काही फरक पडतो का, की हा नुसता फलक लावण्यापुरता कार्यक्रम आहे. आणि फरक पडत असेल तर सुरुवात कुठून करावी?

सार्वजनिक जागांची वायरलेस जाळी आखणे आणि नंतर ती दुरुस्त करत बसणे हे काम मी गेली सोळा-सतरा वर्षे करतो आहे. त्या अनुभवावरून क्रम आधीच सांगून टाकतो: अभ्यासिका पहिली, एसटी स्टँड दुसरा आणि बाग सर्वांत शेवटी. हा क्रम मी वेगावरून किंवा वर्दळीवरून लावलेला नाही. माणूस त्या जागी किती वेळ थांबतो आणि त्या वेळात त्याच्यापाशी दुसरा काही मार्ग असतो का, एवढ्या दोनच गोष्टी मी पाहतो. गर्दी मोजून ठरवलेली जागा बहुतेक वेळा चुकते, कारण गर्दीच्या जागेतून लोक पुढे सरकत असतात.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या रेल्वेचे आहे. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल (रेल्वेची दूरसंचार कंपनी) आणि गुगल यांची मोफत वाय-फाय सेवा सुरू झाली. त्या वेळी एक जीबी मोबाइल डेटाला दोनशे रुपयांच्या वर मोजावे लागत होते, त्यामुळे फलाटावर बसून सिनेमे उतरवून घेणारी मुले हे तेव्हाचे नेहमीचे दृश्य होते. जून २०१८ मध्ये दिब्रुगड हे त्या योजनेतले चारशेवे स्थानक ठरले. दरम्यान सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटाचे दर कोसळले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये गुगलने आपण या योजनेतून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. स्वस्त झालेला डेटा हे त्यामागचे एक कारण त्यांनी स्वतःच दिले होते. रेलटेलने मात्र सेवा चालू ठेवली आणि पुढे सहा हजारांहून अधिक स्थानकांपर्यंत नेली. २०२१ पासून तिथे पहिली ३० मिनिटे १ एमबीपीएस वेगाने मोफत आणि त्यापुढे दिवसाला ५ जीबीसाठी १० रुपयांपासूनचे दर अशी रचना आली.

या इतिहासाचा अर्थ पुष्कळ जण ‘वाय-फायचा जमाना संपला’ असा लावतात. मला तो घाईचा वाटतो. दादरच्या किंवा ठाण्याच्या लोकल फलाटावर दर तीन-चार मिनिटांनी गाडी येते. तिथल्या माणसाला वाय-फायचे पान उघडून, मोबाइल क्रमांक टाकून, ओटीपीची वाट पाहत बसायला सवडच नसते. त्याच्यासाठी ही सेवा पहिल्या दिवसापासूनच जवळजवळ निरुपयोगी होती. उलट २०१८ मध्ये एर्नाकुलम स्थानकावरच्या एका हमालाची बातमी गाजली होती, ती आठवावी. स्थानकाच्या मोफत वाय-फायवरून अभ्यासाची व्याख्याने कानात ऐकत, ओझी वाहत त्याने केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण केली होती. सेवा तीच, फलाटही तसेच. पण तो माणूस तिथे दिवसभर असायचा.

म्हणून अभ्यासिका. स्पर्धा परीक्षा देणारा मुलगा सकाळी सात वाजता जागा धरतो आणि रात्री दहाला उठतो. त्याच्याकडे डेटा पॅक असतो हे खरे, पण दिवसाला तीन-चार व्याख्याने पाहिली आणि एखादी सराव चाचणी दिली की दुपारनंतर तो पॅक संपतो आणि मग शेजाऱ्याच्या हॉटस्पॉटवर गुजराण सुरू होते. त्यात बऱ्याच अभ्यासिका जुन्या, जाड भिंतींच्या इमारतींत किंवा तळघरवजा हॉलमध्ये असतात, जिथे मोबाइलचा सिग्नल एका काडीवर येतो. पुण्याच्या सदाशिव पेठेत या मुलांच्या जीवावर अभ्यासिका, खाणावळी आणि कॉट बेसिसच्या खोल्या यांचे एक सबंध अर्थकारण उभे आहे, आणि तिथल्या खासगी अभ्यासिकांच्या जाहिरातीत ‘एसी’ आणि ‘वाय-फाय’ हे दोन शब्द सहसा जोडीनेच येतात. नगरपरिषदेच्या अभ्यासिकेत तेच फुकट मिळाले, तर गावातल्या दहा-वीस मुलांचा, विशेषतः मुलींचा, पुण्याला जाण्याचा निर्णय निदान एखादे वर्ष तरी पुढे जाऊ शकतो. सार्वजनिक जीवनावरचा परिणाम म्हणतात तो असा घडतो.

आता एसटी स्टँड. इथे प्रवासी अर्धा-पाऊण तास सहज थांबतो, पण तांत्रिक अडचणी वेगळ्या असतात, आणि त्यातली एक मी स्वतः करून बसलो आहे. एका गावच्या स्टँडवर आम्ही यंत्रणा बसवली, चाचणी उत्तम झाली, उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून तक्रार सुरू झाली की सकाळी सहाला व्यवस्थित चालणारे वाय-फाय साडेनऊच्या सुमारास ‘कनेक्टिंग’ म्हणत अडकते आणि मग दिवसभर सुधारत नाही. आम्ही अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फायचा सिग्नल सोडणारी उपकरणे, बदलले, फायबर तपासली, इंटरनेट पुरवणाऱ्याशी भांडलो. दोष भलतीकडेच निघाला. जोडणाऱ्या प्रत्येक फोनला राउटर एक आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यातला त्याचा तात्पुरता क्रमांक, ठरावीक मुदतीसाठी देतो. आमच्या जाळ्यात असे हजाराच्या आसपास पत्ते होते आणि मुदत, कार्यालयांसाठी ठेवतात तशी, चोवीस तासांची ठेवलेली होती. ज्याच्या फोनने आमच्या वाय-फायचे नाव एकदा लक्षात ठेवले, त्याचा फोन बस स्टँडमध्ये शिरताच खिशातल्या खिशात पत्ता घेऊन मोकळा होई. मालक दोन मिनिटांत पुढच्या गावाला निघून जाई आणि तो पत्ता मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच्या नावावर अडकून राही. साडेनऊपर्यंत पत्ते संपत. मुदत वीस मिनिटांची केली आणि तक्रार त्याच दिवशी थांबली. माणूस तिथे किती वेळ थांबतो, हा प्रश्न मी तेव्हा विचारला असता तर तीन आठवडे आणि दोन नवी उपकरणे वाचली असती.

ओटीपीचे प्रकरणही स्टँडवरच जास्त जाचते. वाय-फायला मोबाइल क्रमांक कशाला हवा, असे लोक वैतागून विचारतात, पण ही पद्धत कंपन्यांनी हौसेने आणलेली नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटे आधी आलेल्या धमकीच्या ईमेलचा माग नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका घरच्या उघड्या वाय-फायपर्यंत लागला. त्या घरात राहणाऱ्याचा त्यात काही हात नव्हता, रस्त्यावरून कुणीतरी त्याचे जाळे वापरले होते. पुढच्या काही आठवड्यांत मुंबईतल्या आणखी जाळ्यांचा तसाच वापर झाला. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने आदेश काढले की, सार्वजनिक वाय-फायवर वापरणाऱ्याची ओळख पटवलीच पाहिजे आणि नोंदी जपून ठेवल्याच पाहिजेत. त्या आदेशामागचे कारण रास्त होते. परिणाम मात्र असा झाला की, ज्याच्याकडे चालू सिम आहे त्यालाच मोफत वाय-फाय मिळते. ज्याचा रिचार्ज संपून सिम बंद पडले आहे, ज्या बाईचा नंबर नवऱ्याच्या फोनवर आहे, किंवा परदेशातून आलेल्या ज्या पाहुण्याकडे भारतीय नंबरच नाही, तो नेमका बाहेर राहतो. ज्याला गरज सर्वांत कमी त्याच्यासाठी दार सर्वांत सहज उघडते. आपल्या निविदेत एवढे तरी लिहून घ्यावे की, एकदा ओळख पटलेल्या फोनला पुढचे तीस दिवस पुन्हा ओटीपी मागायचा नाही, आणि स्टँडच्या चौकशी खिडकीवर ओळखपत्र पाहून कूपन देण्याची सोय असावी.

याच जोडीला आणखी एक गोष्ट. लॉगिनच्या पानावर नाव, जन्मतारीख, लिंग, ईमेल असा मोठा फॉर्म ठेवण्याची ठेकेदारांना फार हौस असते, कारण ती यादी पुढे जाहिरातीला उपयोगी पडते. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यानंतर तर हा मोह टाळलाच पाहिजे. क्रमांक आणि ओटीपी पुरे. बाकीच्या रकान्यांवर सरळ काट मारावी.

बागेविषयी मी जरा सविस्तर लिहितो, कारण समितीचा ओढा बागेकडे असतो हे मला माहीत आहे. बागेत फोटो चांगला येतो.

वाय-फाय ज्या रेडिओ लहरींवर चालते, त्यांतला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ पासून विनापरवाना वापरता येतो आणि ५ गिगाहर्ट्झचा बराच मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये बाहेरच्या वापरासाठीही मोकळा झाला. जुन्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग (चॅनेल) जेमतेम तीन आहेत: १, ६ आणि ११. बागेभोवतीच्या इमारतींतले पन्नास-साठ घरगुती राउटर याच तीन मार्गांवर बोलत असतात, तेव्हा २.४ वर बागेत फारसे काही हाती लागत नाही. शिवाय या लहरी पाण्यात शोषल्या जातात, आणि माणसाचे शरीर बहुतांशी पाणीच आहे. रिकाम्या बागेत सकाळी घेतलेली चाचणी आणि रविवारी संध्याकाळी भेळेच्या गाड्यांभोवती दाटी झाल्यावरची परिस्थिती यांत त्यामुळे जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पावसाळ्यात झाडांचा पाला भरला की आणखी. मग कुणीतरी म्हणते, पॉवर वाढवा. अ‍ॅक्सेस पॉइंटची पॉवर वाढवून फोनचा आवाज वाढत नाही. खांबावरून मोठ्याने ओरडणाऱ्याचे बोलणे खाली ऐकू येते, पण खालून कुजबुजणाऱ्याचे त्याला ऐकू जात नाही; फोनवर चार काड्या दिसतात आणि पान काही उघडत नाही, ते याच कारणाने. उपाय एकच: कमी पॉवरची जास्त उपकरणे, तीही ५ गिगाहर्ट्झवर आणि माणसे जिथे बसतात तिथे. त्यात स्विचपासून (उपकरणांच्या तारा जिथे जोडतात त्या पेटीपासून) उपकरणापर्यंतची लॅन केबल शंभर मीटरच्या पुढे नेता येत नाही, म्हणजे मोठ्या बागेत आतपर्यंत फायबर आणि वीज दोन्ही ओढायचे. खर्च वाढतो तो इथे.

आणि माणसे कुठे बसतात हे आपण ठरवत नाही असे वाटत असेल, तर एक प्रसंग सांगतो. एका बागेत सोयीचे म्हणून आम्ही अ‍ॅक्सेस पॉइंट पहारेकऱ्याच्या खोलीच्या भिंतीवर लावला. वीज तिथेच होती, छप्पर होते, चोरीची भीती नव्हती. त्याच भिंतीला लागून स्त्रियांचे स्वच्छतागृह होते, हे नकाशावर आम्हाला दिसत होते, पण लक्षात कुणी घेतले नाही. पंधरा दिवसांत मुलांची टोळकी तिथल्या कठड्यावर रात्री नऊपर्यंत बसू लागली, आणि संध्याकाळी फिरायला येणाऱ्या बायकांनी आधी स्वच्छतागृह आणि मग बागेची ती बाजूच सोडली. मुले काही वाईट वागत नव्हती, गेम खेळत होती. तक्रार आली ती ‘बागेत गर्दी फार झाली’ अशी मोघम. खरे कारण तिथल्या झाडूवाल्या मावशींनी सांगितले. उपकरण उचलून आम्ही खुल्या रंगमंचाजवळच्या दिव्याच्या खांबावर नेले, आणि आठवड्याभरात कठडा रिकामा झाला. वायर न दिसणारी ही सोय बाकांपेक्षाही जोरात माणसे ओढते, आणि एकाला ओढते तेव्हा दुसऱ्याला ढकलतेही.

न्यूयॉर्क शहराने हाच धडा मोठ्या प्रमाणावर घेतला. २०१६ च्या सुरुवातीला तिथे जुन्या सार्वजनिक टेलिफोनच्या जागी लिंकएनवायसी नावाचे खांब उभे राहिले. त्यांत वेगवान मोफत वाय-फाय, फुकट फोन करण्याची सोय, चार्जिंग आणि इंटरनेट पाहण्यासाठी एक टॅबलेट होता. काही महिन्यांत लोक त्या टॅबलेटपुढे खुर्च्या-खोकी मांडून तासन्‌तास बसू लागले, त्यात बेघर मंडळी बरीच होती, दुकानदार आणि रहिवासी यांच्या तक्रारी वाढल्या, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये टॅबलेटवरचा ब्राउझर बंद करण्यात आला. वाय-फाय राहिले. म्हणजे ज्याच्या हातात स्वतःचा फोन होता त्याची सोय कायम राहिली, आणि ज्याच्याकडे काहीच नव्हते त्याची गेली. तक्रारी खोट्या होत्या असे मी म्हणत नाही. पण फुटपाथवर बसायला बाक नसताना तिथे तासभर गुंतवून ठेवणारी वस्तू ठेवली, तर माणूस खोके घेऊन येणारच.

मोबाइल डेटामुळे वाय-फायची गरज उरली नाही, या मूळ शंकेकडे परत येतो. डेटाने रस्त्यावरचे व्यवहार बदलले हे निर्विवाद आहे. २०१६ साली यूपीआय आले, त्याच नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, आणि आज वडापावच्या गाडीवर क्यूआर कोडचा पुठ्ठा आणि ‘पैसे मिळाले’ असे ओरडून सांगणारा डबा नसेल तर गिऱ्हाईक पुढच्या गाडीवर जाते. त्या डब्यात स्वतःचे सिम असते, त्यामुळे विक्रेत्याचे काम भागते. अडतो तो गिऱ्हाइकाचा फोन. अनंत चतुर्दशीला संध्याकाळी मुख्य चौकात उभे राहून पाहावे. एका टॉवरची क्षमता त्याच्या टापूतल्या सगळ्यांत वाटली जाते, आणि लाखभर माणसे एकाच वेळी व्हिडिओ पाठवू लागली की वीस रुपयांचे पेमेंटही चाक फिरवत अडकते. ५जी १ ऑक्टोबर २०२२ पासून आले, मुंबई-पुण्याला सुरुवातीलाच मिळाले, त्याने ही कोंडी बरीच सैल केली आहे, पण ज्याच्या हातात ५जी फोन आहे त्याच्यापुरतीच. आणि कधी कधी डेटा प्रशासनाच्या आदेशानेच थांबतो. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात तणावाच्या वेळी इंटरनेट बंद ठेवण्यात आले होते. अशा दिवशी खिशात रोकड नसलेला माणूस आणि हातावर पोट असलेला विक्रेता यांची जी अवस्था होते, ती पाहिल्यावर ‘सगळ्यांकडे डेटा आहे’ हे वाक्य मी जरा जपून वापरतो.

स्टँडपुरता एक स्वस्त पर्यायही समितीपुढे ठेवावा. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पीएम-वाणी योजनेला मंजुरी दिली. तिच्यात चहावाला, झेरॉक्सवाला, पानपट्टीवाला असा कुणीही आपल्या दुकानातून परवाना शुल्क न भरता वाय-फाय विकू शकतो. ओळख पटवणे, हिशेब आणि नोंदी ही कामे त्याच्या वरची संस्था करते. योजना बरीच वर्षे रखडली, कारण कंपन्या अशा दुकानदाराला घरगुती जोडणी देण्याऐवजी महागडी व्यावसायिक लाइन घ्यायला लावत. जून २०२५ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर योजना या दुकानदारांना द्याव्यात आणि त्यांचा दर घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त असू नये, असा आदेश काढला. स्टँडच्या आवारातल्या दोन-तीन गाळेधारकांना यात उतरवले, तर उपकरण बंद पडल्याचे कळायला हेल्पलाइन लागणार नाही. गिऱ्हाईक तोंडावर सांगेल. डिलिव्हरीची मुले ऑर्डरची वाट पाहत ज्या चहाच्या टपरीबाहेर दुचाक्यांवर बसतात, तिथे तर हे आधी चालेल, कारण त्यांचे थांबणे हीच त्यांची अर्धी नोकरी आहे.

शेवटी अभ्यासिकेचा आराखडा, म्हणजे ठरावात लिहायला सोपे जाईल. शंभर-सव्वाशे खुर्च्यांच्या हॉलला छतावरचे तीन अ‍ॅक्सेस पॉइंट पुरतात, एका उपकरणामागे चाळीसच्या आसपास मुले धरून. एकच मोठे, महागडे उपकरण घेऊ नये. जोडण्या शक्यतो दोन वेगळ्या कंपन्यांच्या आणि दोन वेगळ्या रस्त्यांनी आलेल्या घ्याव्यात, कारण पावसाळ्याआधी गटाराचे खोदकाम सुरू झाले की जेसीबीच्या दातात पहिली येते ती फायबर. राउटर आणि स्विचला यूपीएस हवा, आणि प्रत्येक टेबलाला चार्जिंगचा सॉकेट, नाहीतर दुपारी तीनला वाय-फाय चालू आणि फोन बंद. वीज बिल कोणत्या खात्यातून जाणार आणि तीन वर्षांनंतर देखभाल कोण करणार हे मंजुरीच्या ठरावातच नावानिशी लिहावे. मी पाहिलेल्या बंद पडलेल्या यंत्रणांपैकी निम्म्याहून अधिक उपकरण बिघडून बंद पडल्या नव्हत्या, बिल थकून बंद पडल्या होत्या. आणि राउटरच्या पेटीची किल्ली ठेकेदाराकडे ठेवू नये. ती ग्रंथपालांच्या ड्रॉवरमध्ये असावी, सोबत एक वही असावी, आणि कधी बंद पडले, कधी चालू केले हे त्यांनी त्यात लिहीत जावे. बागेचा विषय समितीने त्या वहीची पहिली सहा महिन्यांची पाने पाहून मग काढावा.